भिंतीवरची मधली फुली

अहो, काल तुमचा फोटो फ्रेम होऊन आला. सचिनने रिक्षातून मांडीवर धरून आणला आणि उंबऱ्याशी येऊन थबकला. फोटो घेऊन आत कसं यावं, तेच त्याला कळेना. मी म्हटलं, "ये की. तुझे अप्पाच आहेत, पाहुणे नव्हेत." मग त्याने तुम्हाला तुमच्याच खुर्चीत ठेवलं. खुर्ची अजून भिंतीकडे तोंड करून आहे, तुम्ही ठेवून गेलात तशीच. मी ती कुणाला हलवू दिलेली नाही.

गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. तुमच्या बहिणीने, पंढरपूरच्या वन्संनी, तर माझ्यापुढे हात जोडले. "वहिनी, तेराव्यापर्यंत तरी काही बोलू नका दादाला." नाही बोलले. आल्यागेल्यांसमोर डोळ्यांना पदर लावून बसले, लोकांनी तुमचं कौतुक केलं ते ऐकून घेतलं, "फार शिस्तीचा माणूस" हे वाक्य तर इतक्यांदा ऐकलं की पुढच्या पाहुण्याने तोंड उघडायच्या आत मीच म्हणून टाकावं असं वाटायला लागलं. आता तेरावं झालं, माणसं पांगली. आता मी बोलणार आहे. इतकी वर्षं मी मुद्द्यावर आले की तुम्ही "चहा ठेव" म्हणून उठायचात. आता उठून दाखवा.

आधी या फोटोचंच बोलू. तुमचा एकट्याचा एक धड फोटो या घरात सापडू नये? सचिनने कपाटं उपसली, मोबाइल धुंडाळले. प्रत्येक फोटोत तुम्ही कुणाला तरी शेजारी ओढलेलं. निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ घेतानासुद्धा तुम्ही शिपायाला बखोटीला धरून जवळ उभं केलंत. का, तर म्हणे एकट्याचा फोटो भिंतीला लागला की माणूस गेल्यासारखा वाटतो. शेवटी सचिनच्या लग्नातला फोटो काढला. त्यात तुमच्या डाव्या बाजूला मी होते. स्टुडिओवाल्याने मला कापून काढलं. पण तुम्ही मला इतकं चिकटून उभे होतात की माझ्या हिरव्या शालूचा काठ तुमच्या खांद्याजवळ राहूनच गेला. फ्रेमवाला फोनवर म्हणाला, "वहिनी, तेवढा काठ कंप्युटरवर काढून टाकतो की. कुणाला कळनार पन न्हाय." मी म्हटलं, काही काढू नका, राहू दे तो. फोन ठेवल्यावर मात्र मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. का रडले विचारू नका. मला तुमच्यावर चिडायचं आहे, रडायला लावू नका.

तर भिंत. बाहेरच्या खोलीतली ही भिंत तुमची. घर दोघांचं, स्वयंपाकघर माझं, न्हाणीघर जो आधी उठेल त्याचं, पण ही भिंत तुमची. बांधकाम खात्यात नोकरी करून लोकांच्या भिंती ओळंब्यात आहेत की नाहीत ते बघत हिंडलात आणि घरी येऊन हिच्यावर जीव टाकलात. फोटो लावायचा म्हणजे घरात कार्य असल्यासारखं. स्टूल आणायचं, दोरा ताणायचा, ती पाण्याची हिरवी नळी दोऱ्याला लावून बुडबुडा मधोमध येतो का बघायचं, मग कानामागची पेन्सिल काढून भिंतीवर बारीक फुली मारायची. खाली मी. तोंडात लहान, मधले, मोठे खिळे, एका हातात हातोडी, दुसऱ्या हाताने स्टूल धरलेलं. "अगं, हा नको, मधला दे." मग मला दारापर्यंत मागे जायला लावायचात आणि विचारायचात, "बघ, कसा दिसतो?" मी म्हणायचे, थोडा डावीकडे. अजून. बास. इतकी वर्षं तुमच्या घराण्यातली सगळी माणसं मीच सरळ केली, हे कुणी तेराव्याला बोललं नाही.

आणि घराणं तरी केवढं! फेटा बांधलेले आजेसासरे, सासूबाई-सासरे, लढाईवर गेलेले म्हणून सांगितले जाणारे काका, तुमचे गुरुजी, तुमच्या मामांनी मागावर विणून घेतलेला मोर, तुमचा सत्कार, सचिनची मुंज. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच महिन्यात मी विचारलं होतं, माझ्या आईचा एक फोटो लावू का? तुम्ही म्हणालात, "भिंत घराण्याची असते." मी विचारलं, मग मी कुठल्या घराण्याची? तुम्ही चहा ठेवायला सांगितलात. हसत सांगितलंत, म्हणून मी तेव्हा चिडले नाही. ते सगळं साचून आता बाहेर येतंय.

सासरच्या भिंतीवर माहेरची माणसं लागत नाहीत, ही रीत काही तुम्ही काढलेली नाही. वन्संच्या घरी त्यांच्या आईचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा फोटो कुठे आहे? गोदरेजच्या कपाटात, आतल्या बाजूने चिकटवलेला. कपाट उघडताना वन्सं आईला भेटतात. मला ते दिसलं होतं, तुम्हाला कधी दिसलं नाही. तुम्ही लेव्हल बघणारे.

आईचा तो फोटो गड्ड्याच्या जत्रेतला. मागे धबधब्याचा रंगवलेला पडदा, पुढे खुर्चीत आई, आणि मांडीवर नुकतीच घेतलेली किटली. फोटोवाला म्हणाला, किटली बाजूला ठेवा. आई म्हणाली, "आन् कुनी नेली म्हंजी?" म्हणून ती किटलीसकट आली. तुम्ही साइटवर होता तेव्हा मी तो फोटो स्वतः लावला. मोराच्या खाली, कोपऱ्यात, कुणाला अडचण नको म्हणून. तुम्ही घरी आलात, बूट काढता काढता बघितलात आणि हातपाय धुवायला गेलात. मी जीव मुठीत धरून होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बघितलं, तुम्ही नेहमीप्रमाणे पेपर उघडण्याआधी भिंतीपाशी गेलात, रस्त्यावरून ट्रक गेल्यामुळे कललेले फोटो एकेका बोटाने सरळ करत गेलात आणि शेवटी आईचाही केलात. रोज करत होतात. मला वाटलं, जिंकले.

मग तो दसरा. वन्सं आल्या होत्या, त्यांनी झेंडूच्या माळा केल्या आणि सगळ्या फोटोंना घातल्या. एक माळ उरली, ती त्यांनी आईच्या फोटोला घातली. चांगल्या मनानेच घातली. संध्याकाळी सोनं द्यायला माझा कुंभारीचा मावसभाऊ आला. हार घातलेला आईचा एकटीचा फोटो बघितला आणि तोंडातला लाडू त्याला गिळवेना. सणाच्या दिवशी विचारावं कसं, म्हणून बिचारा न विचारताच निघून गेला. आपट्याची पानं खिशात तशीच, कारण त्याच्या हिशेबाने घरात सुतक! त्याने कुंभारीला जाऊन मावशीला सांगितलं. मावशी आणखी दोघी बायकांना घेऊन सकाळच्या पहिल्या गाडीने आईच्या गावाला, वळसंगला निघाली. वेशीपासून गळा काढला तो थेट आईच्या अंगणात. अंगणात आई शेंगा फोडत बसलेली.

"अय्य, अक्का! कोन गेलं गं?" आईनेच विचारलं.

मावशीने तिच्याकडे बघितलं आणि जागच्या जागी मटकन बसली. "तूच की गं!"

"मी व्हय? मी कशाला मरू? ह्या शेंगा कोन फोडनार?"

ती त्याच दिवशी फोडलेल्या शेंगांची पिशवी घेऊन आपल्याकडे आली. हार घातलेल्या स्वतःच्या फोटोपुढे उभी राहिली आणि तोंडात पदर कोंबून हसली. तुम्हाला म्हणाली, "जावईबापू, लई झ्याक दिसतीय की मी. ऱ्हाऊ द्या हार, वाळंपतुर."

हसलात तुम्हीही. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात. आणि संध्याकाळी स्टूल आणून फोटो उतरवलात. "जिवंत माणसाचा एकट्याचा फोटो लावू नये, बघितलंस ना?" एवढ्यावर थांबला नाहीत. खिळा उपटलात, भोकात पांढरं सिमेंट भरलंत, वरून कापसाने पुसून घेतलंत. दुसऱ्या दिवशी तिथे फोटो होता हे सांगूनही कुणाला पटलं नसतं. आई शेजारी बसून बघत होती. चहा अर्धाच प्यायली.

आता माझं डोकं फिरतं ते पुढच्या गोष्टीने. हीच आई आजारी पडली तेव्हा तिला वळसंगहून घेऊन आलात ते तुम्ही. मी म्हटलं नव्हतं. माझा भाऊ म्हणत होता, बघू, आठ दिवसांनी बघू. तुम्ही जीप घेऊन गेलात, तिला उचलून आणलंत आणि स्वतःच्या कॉटवर झोपवलंत. ती असेपर्यंत तुम्ही बाहेरच्या खोलीत सतरंजीवर झोपलात. नळाला पाणी चार दिवसांनी यायचं, तरी तिची अंथरुणं रोज धुतली गेली, आणि मी थकले की तुम्ही धुतलीत. भाकरी दुधात कुस्करून भरवलीत. ती तुम्हाला "माझा ल्योक" म्हणायची आणि माझ्या सख्ख्या भावाला ते ऐकून मिरच्या झोंबायच्या. या जन्मी ते मी विसरणार नाही. अहो, जिवंत बाईला घर दिलंत, अंथरूण दिलंत, आणि तिच्या फोटोला एक खिळा देताना तुमचा हात का अडला? मला सांगा ना. लोक काय म्हणतील? कुठले लोक? त्या भिंतीकडे तुमच्याशिवाय कोण बघतं?

ती गेल्यावर मी म्हटलं, आता तरी लावू. आता तुमची अडचण संपली. तुम्ही म्हणालात, रंग होऊ दे. रंग झाला. तुम्ही म्हणालात, आत्ताच भोकं नकोत, पुढच्या रंगाला बघू. मी तिला चादरीत गुंडाळून कपाटात ठेवलं. मग सचिनचं लग्न आलं म्हणून रंग, मग गळती झाली म्हणून रंग. दरवेळी सगळं घराणं उतरायचं, पुसलं जायचं, परत चढायचं, आणि आई चादरीत. मी दर उन्हाळ्यात चादर उन्हाला टाकायची तेव्हा तिला बाहेर काढायची, काच पुसायची आणि परत ठेवायची. तुम्ही पेपर वाचत असायचात. पेपर थोडा वर जायचा.

आणि यंदा काय सुचलं तुम्हाला? स्वतःहून म्हणालात. भाजीत मीठ कमी आहे म्हणता तशा सुरात म्हणालात, "यावेळी तुझ्या आईला लावू." माझ्याकडे बघून नाही, भिंतीकडे बघून. मी पोळी लाटत होते, माझा हात थांबला. मी मुद्दाम काही विचारलं नाही, विचारलं तर परत फिराल म्हणून. रंगारी आले, मोतिया रंग लागला, वास गेला. तुम्ही दोन दिवस स्टुलावर चढ-उतर करत होतात. मी म्हटलं, सचिनला बोलवा, या वयात चढू नका. ऐकायचंच नव्हतं. मग तुम्ही खुर्ची भिंतीकडे वळवून बसलात आणि म्हणालात, "चहा ठेव." मी ठेवला. मी चहा घेऊन आले तेव्हा तुम्ही माझ्या हातावर तुरी देऊन गेला होता. पेन्सिल कानामागेच होती.

डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसेल. बरं झालं. सगळा त्रास मागे ठेवून गेलात ना.

कारण भिंतीवर फुल्या आहेत. बारीक, पेन्सिलच्या, प्रत्येक खिळ्याची एक. तेराव्यानंतर मी, सचिन आणि वन्सं, तिघांनी रंगासाठी भरून ठेवलेले खोके उघडून फोटो जमिनीवर मांडले आणि कुठली फुली कुणाची ते लावत बसलो. आजेसासरे बसले, सासू-सासरे बसले, काका, गुरुजी, मोर, सगळे बसले. एक फुली उरली. बरोब्बर मधोमध.

सचिन म्हणाला, "ही वळसंगच्या आजीची."

वन्सं म्हणाल्या, "नाही रे. दादा मला फोनवर म्हणाला होता, दारावरचं घड्याळ बघून मान दुखते, आता ते समोर मधे घेतो. ही घड्याळाची."

सचिन म्हणाला, अप्पा आजीला लावणार होते. वन्सं म्हणाल्या, मी कशाला खोटं सांगू. दोघंही खरंच बोलत होते. मी फुलीकडे बघत बसले. अहो, तुम्ही प्रत्येक गोष्टीवर नाव घालणारा माणूस! छत्रीवर नाव, टाकीच्या झाकणावर नाव, हातोडीच्या दांड्यावर नाव, स्टुलाच्या बुडाला नाव. एका फुलीशेजारी एक अक्षर घालायला तुम्हाला काय झालं होतं? "आ" लिहिला असता तर हात झिजला असता? "घ" लिहिला असता तरी चाललं असतं. मी भांडले असते, चार दिवस बोलले नसते, पण मला कळलं असतं. तुम्ही मला आयुष्यभर ताकास तूर लागू दिली नाहीत आणि जातानाही तेच केलंत.

वन्सं जाताना माझा हात धरून म्हणाल्या, "वहिनी, आता तुमचंच घर आहे. तुम्हाला हवं ते लावा. कोण बोलणार?" प्रेमाने म्हणाल्या, पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. कोण बोलणार! बोलणारा माणूस गेला म्हणून मी लावायचं? मला भिंत नको होती हो. भिंत मी केव्हाही घेतली असती, एकदा घेतलीच होती. तुम्ही स्टुलावर चढावं, माझ्याकडून मधला खिळा मागून घ्यावा, आईसाठी तो ठोकावा आणि मला दारापर्यंत मागे पाठवून विचारावं, "बघ, कसा दिसतो?" एवढंच हवं होतं. इतक्या वर्षांत तेवढं एकदा नाही जमलं तुम्हाला. जमणार होतं की नव्हतं, ते आता मला कधीच कळणार नाही. याचा राग येतो. तुमच्या जाण्याचाही येतो, पण याचा जास्त येतो, आणि कधी कधी दोन्ही वेगळे करता येत नाहीत.

आज सकाळी सचिन ड्रिल घेऊन आला. एका मिनिटात काम होतं म्हणाला. मी म्हटलं, ते मशीन घेऊन जा. तुमची हातोडी काढली, नाव घातलेली. स्टूल धरायला त्याला उभं केलं आणि मी चढले. पहिला खिळा वाकला. नव्या रंगाचा टवका उडाला, तुम्ही असतात तर घर डोक्यावर घेतलं असतंत. दुसरा खिळा मधला घेतला. तो गेला. मधल्या फुलीवरच गेला. सचिनने चादर सोडली आणि आईला माझ्या हातात दिलं. धबधबा, खुर्ची, किटली. आई लागली. घड्याळ दारावरच आहे. ज्याची मान दुखायची तो आता वेळ विचारणार नाही.

मग सचिनने खुर्चीतून तुम्हाला उचललं आणि विचारलं, "अप्पांना कुठे? आत्या म्हणते गेलेल्या माणसाचा फोटो दक्षिणेला लावायचा." मी म्हटलं, ठेव त्यांना परत. तो घाबरला. त्याला वाटलं मी सूड उगवतेय. उगवत असेनही. पण एकट्याचा फोटो भिंतीला लागला की माणूस गेला, हे कुणाचं म्हणणं? तुमचंच ना? मग मी नाही लावणार. मी हार घालणार नाही, खिळा मारणार नाही, कुणी काही म्हणू दे. माझ्या शालूच्या काठासकट तुम्ही त्या खुर्चीतच बसायचं.

सचिन दारापर्यंत मागे गेला आणि म्हणाला, "आई, आजीचा फोटो कललाय गं. डावीकडे. सरळ करू का?"

मी म्हटलं, हात लावायचा नाही.

मला दिसतंय तो कललाय ते. दारातून दिसतंय, स्वयंपाकघरातूनही दिसतंय. तुम्हाला तर समोरच आहे. वाकडा फोटो तुम्हाला बघवत नाही, मला ठाऊक आहे. सकाळी पेपर येईल, ट्रक जाईल, तो अजून कलेल. मी चहा ठेवीन, पण त्याला हात लावणार नाही. बघवत नसेल तर उठा आणि सरळ करा.